ख्वाजामियाँनी आधीच ऐकलेला आवाज

मी फिजिक्सचा मास्तर, हे आधीच सांगून टाकतो. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचं काही काढलं की मी त्याची अशी उलटतपासणी घ्यायचो की बिचारा चहा अर्धा टाकून उठायचा. तेव्हा "सर, तुम्हीसुद्धा?" असं म्हणणार असाल तर खुशाल म्हणा... घडलं ते घडलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही हैदराबादला दिलसुखनगरात राहत होतो, मी जामबागच्या एका कॉलेजात शिकवायचो. बाजारात नव्या नव्या गाड्यांची झुंबड उडाली होती आणि आमच्या खानदानातली पहिली गाडी मी घेतली — पांढरी, छोटीशी. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. म्हणजे सायलेन्सरच्या आधी स्टीलचा एक डबा, आणि त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनांची चिनीमातीची जाळी. इंजिनाचा धूर त्या जाळीतून स्वच्छ होऊन बाहेर पडतो. मला या डब्याचा फार अभिमान! येईल त्याला वाकून दाखवायचो.

त्याच सुमारास नीलिमाला, माझ्या बायकोला, नववा महिना लागला. लग्नानंतर आठ वर्षांनी... आणि बाळ पोटात आडवं. कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू झाल्या की अर्ध्या तासात इथे पाहिजे. उशीर झाला तर बाळाचं मी सांगू शकत नाही. ऑटोच्या भरवशावर राहू नका."

आणि नेमकी तेव्हाच गाडी खालून खडखडायला लागली.

कॉलनीतला मेकॅनिक म्हणाला, "सार, अंदर की जाली तोड के फेंक देतूँ. खाली डब्बा रहने दो. गाडी कैसी भागती देखो!" तेव्हा सगळे हेच करायचे. मी त्याला शुद्ध हवेवर पाच मिनिटं लेक्चर दिलं आणि बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीत ख्वाजामियाँ नावाच्या जुन्या मेकॅनिककडे गेलो.

साठीच्या पुढचा, किडकिडीत माणूस. कुर्ता मेकॅनिकचा म्हणून खरा वाटू नये इतका पांढरा. मी घाईत होतो, पण ते म्हणाले, "पैले ठंडी होने दो साब. गरम लोहा झूट बोलता." अर्धा तास बसवून ठेवलं! मग गाडीखाली शिरले आणि रबरी हातोडीने पुढून मागे एकेक जागा ठोकत गेले. टक... टक... मग इंजिन सुरू करायला लावून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दोन मिनिटांत निदान — कन्व्हर्टरवरच्या पत्र्याचा बोल्ट गंजलाय. क्लॅम्प लावला, खडखड बंद. मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात कारागीर.

मी निघणार तोच म्हणाले, "रुको साब. एक अवाज और है. जाली का."

मला काही ऐकू येईना. त्यांच्या दोन्ही कारागिरांना येईना. शेवटी ख्वाजामियाँनी (गल्लीत सगळे त्यांना उस्तादच म्हणत) तो डबाच उतरवला. उन्हात धरून मी एका टोकातून पाहिलं — चौकोन न चौकोन शाबूत, पलीकडचं आभाळ दिसत होतं. हलवून पाहिला. अगदी गप्प.

"धड आहे की हो!" मी वैतागलो.

"हौ साब, दिखने में धड है. पन अवाज आ रा मेरेकू. ये जाली टूट के फँसी, तो धुवेँ का रस्ता बंद. इंजन का दम घुट जाता." मग अगदी हळू आवाजात, "भाभी को इसी गाडी में ले जाते बोले ना तुम? फिर मैं ये वापस नईं लगाता."

हा म्हातारा मला मूर्ख बनवतोय असं बुद्धी सांगत होती, पण डोळ्यांपुढे नीलिमा. मी हो म्हटलं.

नवा निवडतानाही तीच तऱ्हा. दुकानदाराने दिलेला चकचकीत डबा उस्तादांनी हातात तोलून परत केला — आत जाळीच नव्हती. दुसऱ्यात होती, पण मोठ्या इंजिनाची. तिसरा, गाडीच्या कंपनीचा, मागवून घेतला. नंबर दोनदा जुळवला, गॅस्केट नवी, बोल्ट नवे. ते बोल्ट आवळत होते आणि मी, लॅबमध्ये पोरांना पाना कसा धरायचा ते शिकवणारा मास्तर, तोंड उघडं ठेवून बघत होतो.

जुना डबा मी अर्थातच मागून घेतला. बदललेला पार्ट घरी आणायचाच, हा आमच्या घरचा कायदा. घड्याळाचा सेल बदलला तरी जुना मागून घेणारी माणसं आम्ही! खोक्यात घातला, वर सुतळी बांधली आणि बाल्कनीत लोखंडी स्टुलाखाली सरकवला. संशय होताच ना... दुसऱ्या मेकॅनिकला दाखवून म्हाताऱ्याची चोरी पकडणार होतो.

सहाव्या दिवशी सकाळी दहा पंचवीसला नीलिमाला कळा सुरू झाल्या. आईला घरी ठेवून आम्ही निघालो. मलकपेटच्या रेल्वे पुलाखाली ही गर्दी! पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकत होतो. नजर रस्त्यापेक्षा मनगटावर जास्त. पावणेअकराला, बरोबर पुलाखाली, पायांखालून आवाज आला — खळ्ळ... आणि मग बांगड्यांचा चुरा डब्यात हलवावा तसा.

"अहो, कसला आवाज?" नीलिमाने दंड घट्ट धरला.

मला उस्तादांचं 'दम घुट जाता' आठवलं. पण इंजिन बंद पडलं नाही. एकदा अडखळलंसुद्धा नाही. आवाज थांबला, गर्दी फुटली, आम्ही वेळेत पोचलो. तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं गेली असती तर..."

दुपारी आईला सांगायला घरी आलो. रडून-हसून झाल्यावर आई म्हणाली, "अरे, तुझ्या त्या खोक्यात काहीतरी फुटलं बघ. फोनची वाट बघत घड्याळासमोरच बसले होते मी. पावणेअकरा झाले होते."

सुतळीची गाठ माझीच, तशीच. खोकं जागचं हललेलं नव्हतं. डबा बाहेर काढला तर तपकिरी ठिकऱ्या भराभर गळायला लागल्या. पलीकडचं आभाळ आता दिसत नव्हतं... उरलेले तुकडे तोंडाशी गच्च बसले होते.

दुसऱ्या दिवशी पेढे आणि खोकं घेऊन मी गल्लीत गेलो. उस्तादांनी डबा कानाशी धरून हलवला. "हौ. यईच अवाज था."

"पण तेव्हा तो फुटला नव्हता, उस्ताद!"

"अवाज कब का है, वो मैं कैसा बोलूँ साब? मैं तो बस सुना." त्यांचा स्वर अगदी साधा होता, जरासा ओशाळलेलाच. मी तिथेच वाकून त्यांचे पाय धरले. "तौबा तौबा, मास्टर साब!" म्हणत ते दोन पावलं मागे सरले.

आत बारीक तडा असेल आणि त्यांच्या कानाने तो टिपला असेल, इथवर मी मान्य करतो. पण सहा दिवस थंड पडलेला डबा त्याच मिनिटाला का फुटला? आणि नव्या, धडधाकट कन्व्हर्टरच्या गाडीत आम्हा दोघांना काय ऐकू आलं? नवा डबा मी नंतर उतरवून पाहिला, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. निवृत्त होईपर्यंत पोरांना शिकवत राहिलो की कारण आधी, परिणाम नंतर. या दोन प्रश्नांचं उत्तर मात्र मला आजवर सापडलेलं नाही. मुलगी शेजारच्या खोलीत फोनवर मोठमोठ्याने हसते आहे, आणि खरं सांगतो, मी आता ते शोधतही नाही.