मनुमावशीनं घासलेलं घड्याळ

मळकी वस्तू दिसली की मनुमावशीला राहवत नाही. ती आटपाडीकडच्या कोरड्या गावात वाढली. तिथं पाणी जपून वापरायचं, म्हणून भांडी राखेनं कोरडीच घासायची आणि शेवटी थोड्याशा पाण्यात विसळायची. लग्न होऊन ती कुपवाडला आली, घरात नळ आला, पण हाताचा जोर तोच राहिला. आता ती एका खानावळीत भांडी घासते आणि तिथून घरी आली की घरातली घासते. मी दिलेला नॉनस्टिक तवा तिनं काथ्यानं घासून घासून पांढरा केला आणि मलाच कौतुकानं दाखवला.

"बघ क्रांती, कसला काळा हुता. दुकानदारानं फसवलं हुतं तुला."

म्हणूनच तिचे यजमान, आमचे जोतीरामकाका, आपलं घड्याळ तिच्या हाती लागू देत नसत.

घड्याळ साधंच, सांगलीच्या बाजारात रस्त्याकडेला घेतलेलं, स्टीलच्या चेनचं. काका कुपवाडच्या एका फौंड्रीत कामाला. तिथली काळी वाळू, ग्रीस आणि वर घाम, असं सगळं त्या चेनच्या कड्यांमध्ये जाऊन घट्ट बसलं होतं. ही चेन कधीकाळी चकाकत होती असं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. उन्हाळ्यात काकांच्या मनगटावर पुरळ उठायचं. मावशी म्हणायची, "आवं, द्या की एकदा. लगीच घासून देती."

काका हात पाठीमागं न्यायचे. "तुझ्या हातात दिलं तर आकडंबी पुसून टाकशील."

गेल्या हिवाळ्यात काकांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. आयुष्यभर जड साचे उचलले, त्याचा तो परिणाम. बरेच दिवस त्यांनी पोटाला पट्टा बांधून ढकलले, पण एकदा कामावरच खाली बसले आणि मग ऑपरेशन ठरलं. सांगलीच्या दवाखान्यात मावशीबरोबर मी गेले. त्यांना मूलबाळ नाही. मी भाची, पण निम्मी त्यांच्याकडंच वाढलेली.

दुपारी आत घ्यायच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "अंगावरचं सगळं काढून द्या."

काकांनी करगोटा काढला, गळ्यातला ताईत काढला. घड्याळ काढताना मात्र जरा थांबले. काढलं तेव्हा मनगटावर घड्याळाएवढा गोरा पट्टा दिसला. त्यांनी ते मावशीच्या हातात ठेवलं आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "धर. नुसतं धर."

"व्हय," मावशी म्हणाली.

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. मावशी बाकावर बसली. एरवी तिचं तोंड चालू असतं, पण घाबरली की ती एकदम गप्प होते. मी चहा आणला, तो तसाच निवला. तिची नजर मांडीवरच्या घड्याळावर होती. मग तिनं नखानं एका कडीतली काळी रेघ खरवडली. मग दुसऱ्या कडीतली. थोड्या वेळानं पिशवीत हात घालून तिनं भांड्याच्या साबणाचा तुकडा आणि ब्रश काढला. ब्रश काकांचा दात घासायचा होता.

"मावशी, काकांनी काय सांगितलंय?"

"बसून काय करू मग?" ती म्हणाली आणि उठून बेसिनपाशी गेली.

मी तिला अडवलं नाही. तिनं नळ सोडला आणि चेनला साबण लावला. काळं पाणी वाहायला लागलं. कड्यांच्या सांदीत ब्रश शिरत नव्हता. तेवढ्यात बाजूला उभी असलेली एक बाई पुढं झाली. मावशीच्याच वयाची, इरकली नेसलेली. तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढून पुढं केली.

"ही घ्या, वैनी. अशी आडवी फिरवा, मळ सुटंल."

ती चंदनबाला. सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या सासूबाईंचा खुबा मोडला होता आणि त्याही आतच होत्या. दोघी बेसिनपाशी उभ्या राहिल्या. एक चेन ताणून धरायची, दुसरी पिन फिरवायची. मावशीला वाचा फुटली ती तिथं. काका लग्नात कसे लाजले होते, इथपासून सुरुवात झाली. चंदनबालाची सासू घरात सगळ्यांना धाकात ठेवायची, पण पडल्यावर पहिली हाक सुनेलाच मारली, हे ऐकून मावशी म्हणाली, "मायाच ती, ताई. दुसरं काय."

घड्याळ धुऊन, पदरानं पुसून मावशीनं आणलं तेव्हा मला खरंच ओळखू आलं नाही. चेन आरशासारखी लखलखत होती. मावशी पहिल्यांदा हसली.

काकांच्या आधी अपघातातला एक पेशंट आत घेतला होता, त्यामुळं उशीर होत होता. खिडकीतलं ऊन तिरपं झालं. चंदनबालानं डबा पिशवीतून वर काढला.

"किती वाजल्यात, वैनी? दिवस मावळायच्या आत चार घास खाऊन घेती. मावळल्यावर आमी खात न्हाई."

मावशीनं ऐटीत घड्याळ डोळ्यांपुढं धरलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. काचेच्या आत वाफ धरली होती. सेकंदाचा काटा जागच्या जागी थांबला होता.

"बंद पडलं," ती म्हणाली. "क्रांती, ह्यांचं घड्याळ बंद पडलं गं."

मी सांगितलं, स्वस्तातलं आहे, आत पाणी गेलं असेल, बाकी काही नाही. पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. "नुसतं धर म्हणलं हुतं मला. तेवढंबी झालं न्हाई माझ्याच्यानं. आत काय झालं असंल आता?" ती दाराकडं बघून रडायला लागली.

चंदनबालानं तिला समजावलं नाही. डबा बाजूला ठेवला, घड्याळ घेऊन आपल्या पदरात गुंडाळलं आणि मावशीचा ओला हात दोन्ही हातांत धरला. "मी हाय इथं," एवढंच म्हणाली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर चढलं आणि गेलं. दवाखान्यातले दिवे लागले. तिनं हात सोडला नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, काकांचं आणि चंदनबालाच्या सासूबाईंचं, दोन्ही ऑपरेशनं व्यवस्थित झाली. मावशी तिथंच खाली बसली आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला. मग तिचं लक्ष बाकावर गेलं. डबा झाकलेलाच होता.

"ताई, तुमी खाल्लंच न्हाई!"

"जाऊ दे हो. आता उद्या."

काका शुद्धीवर आल्यावर मावशीनं घड्याळ त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्ये कुणाचं आणलंस?"

"तुमचंच हाय. घासलं मी. पाणी गेलं आत. बंद पडलं." तिनं पदर डोळ्यांना लावला.

काका म्हणाले, "मग रडतीस कशाला? घड्याळ बंद पडलंय, मी न्हाई." आणि हसायला गेले, तर टाक्यांनी कळ दिली. "आई गं," म्हणत ते तसेच हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी कुपवाडला जाऊन आली. घरातली भांडी पुन्हा घासून तिनं भाकऱ्या आणि मुगाची आमटी केली होती. कांदा नाही, लसूण नाही, कोथिंबीर मात्र भरपूर. तो डबा घेऊन ती थेट चंदनबालाच्या बाकापाशी गेली. चंदनबालानं झाकण उघडलं, वास घेतला आणि मावशीचा हात धरून तिलाही शेजारी बसवलं. दोघी एकाच ताटात जेवल्या.

घड्याळ सांगलीच्या घड्याळजीनं उघडून वाळवलं, नवा सेल घातला. चेन कशी सोडवायची तेही त्यानं दाखवलं. दोन्ही टोकांना बारीक पिना असतात, त्या दाबल्या की चेन डायलपासून सुटते. मग नुसती चेन कोमट पाण्यात धुवायची.

आता काका फौंड्रीत हलक्या कामावर आहेत. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः चेन सोडवतात आणि डायल रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसतात. मनगटावरचं पुरळ कधीच गेलंय. परवा मी गेले तेव्हा चेन वाटीत भिजत होती आणि मावशी फोनवर होती. चंदनबालाच्या सासूबाई काठी घेऊन अंगणात फिरायला लागल्या होत्या, त्याची हकिकत चालली होती. ती काही संपेना.

"अगं, चेन," काका म्हणाले.

मावशीनं त्यांना हातानंच गप्प केलं. काकांनी माझ्याकडं पाहिलं, वाटी जवळ ओढली आणि ब्रश हातात घेतला.