कार्बोरेटरला वाहिलेल्या अक्षता

आमची स्कूटर आमच्या लग्नाहून जुनी. आम्ही दोघं राहतो वाईत आणि नोकरीला पाचगणीत, म्हणजे रोज सकाळी पसरणीचा घाट. सपाटीला ही बया ठुमकत चालते, चढ लागला की मात्र हिला धाप लागते. नवरात्रात तर एकाच आठवड्यात तिनं आम्हाला तीनदा वळणावर उतरवलं. तिसऱ्यांदा बायकोनं हेल्मेट काढलं आणि निकाल दिला, "दसऱ्यानंतर एकदा, फक्त एकदा बंद पडू दे. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी. शनिवारी येणार आहे."

मी हादरलो! खंडेनवमीला रजा टाकली आणि सकाळीच गॅलरीत, धूळ खात पडलेल्या माझ्या व्यायामाच्या सायकलीशेजारी, पेपर पसरून कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत भिजवलेल्या मेंदीसारखा गाळ. सगळं पेट्रोलनं धुतलं. इंजिनाकडे पेट्रोल खेचणारी पितळी तोटी, म्हणजे जेट, फुंकून तिच्या भोकातून आकाश पाहिलं. नवे वॉशर काढले. आता जोडणार, तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन हजर.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजायची. विळी झाली, पक्कड झाली, तिचं शिलाई मशीन झालं.

"ह्याचीही करते," ती म्हणाली. "शेवटचीच."

मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत उघड्या कार्बोरेटरवर हळद, कुंकू, अक्षता आणि वर एक टपोरा झेंडू!

पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी आमच्याकडे हात लावत नाहीत. दसऱ्याच्या सकाळी जोडायला बसलो. पुन्हा धुवायला हवं होतं, कळत होतं. पण सणाच्या दिवशी पूजेचं कुंकू पेट्रोलनं धुवायचं? हात धजेना. वरवर झटकलं, फुंकलं, जोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या किकला सुरू! आरशातून मी बायकोकडे विजयी नजर टाकली. घाटाच्या चौथ्या वळणावर फट्, फट्... आणि शांतता.

"शनिवारी," मागून आवाज आला.

किक मारली, सुरू झाली. शंभर पावलांवर पुन्हा बंद. शेजारून जाणारा दूधवाला ओरडला, "सर, वैनींना चालवू द्या अन् तुमी ढकला की!"

मी कडेला बसून कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी एक अख्खा, गुलाबी तांदूळ. चढावर पेट्रोलची ओढ वाढली की हा जेटच्या तोंडाला चिकटायचा, इंजिन थांबलं की इमानदारीत खाली बसायचा. मी तो तळहातावर घेऊन बायकोपुढे धरला. बोललो काहीच नाही. असं गप्प बसण्याची संधी संसारात फार क्वचित मिळते.

"तुम्हाला नीट झटकता येत नाही?"

"पूजा कुणी केली?"

"जोडलं कुणी?"

तिनं तांदळाकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं.

"बरं. आजचं मोजायचं नाही."

उरलेला घाट स्कूटर न थांबता चढली.

शनिवारी भंगारवाला दारात आला आणि थेट स्कूटरच्या हँडलला हात घातला. "वैनी, हीच न्हवं का?"

"ती नाही हो," बायको म्हणाली. "ती पूजेतली आहे."

आणि माझी व्यायामाची सायकल त्याच्या हवाली केली.