काटेमास्तर आणि डब्यातली टिकटिक

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाच्या कानांना सुट्टी नसते. काटेमास्तर हे नाव गल्लीनं ठेवलेलं, पण आता बायकोही तेच वापरते. मंगळवारी सकाळी चहा घेताना मास्तरांना लेकीच्या टेबलाखालून टिकटिक ऐकू आली. दोन ठोके, मग खंड, मग खरखर. असं वाजणारं घड्याळ चार दिवसांचा सोबती, हे ते झोपेतही सांगतील.

पण ते घड्याळ नव्हतं, घरातल्या सगळ्या फाइली साठवणारा डबा होता. त्याच्या डिस्कवर लेकीनं पाच वर्षं टिपलेले वटवाघळांचे आवाज होते आणि त्यांवरच तिचा प्रबंध उभा होता. ती जंगलातल्या तळावर गेलेली, शनिवारपर्यंत फोनला रेंज नाही. जाताना बजावून गेली होती, "बाबा, डब्याला हात लावायचा नाही हं."

"मग लावू नका," बायको म्हणाली.

"अगं, तो चाललाय!"

"कुठे?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि दुकानाशेजारच्या मोबाइलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, मरणाऱ्या डिस्कवरून प्रत ओढून काढणारं हत्यार असतं, पण तुमच्या डब्यात ते नसणार. आधी पॅकेज मॅनेजर बसवा. तो म्हणजे कोठारातला भांडारी. संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हत्याराचं नाव टाइप करायचं, तो आणून देतो. मोबाइलवाल्यानं एक रिकामी डिस्क आणि नऊ ओळींचा कागद हातात ठेवला.

मास्तर डोळ्याला भिंग लावून लेकीच्या संगणकापुढे बसले. तिनं वहीत लिहून ठेवलेला पासवर्ड टाइप केला तर पडद्यावर एक ठिपकाही उमटेना. कीबोर्ड गेला की काय, म्हणून त्यांनी मोबाइलवाल्याला फोन लावला. पासवर्ड तसाच लपून असतो, हे त्याच्याकडून कळलं. मग एकेक अक्षर मोठ्यानं वाचत त्यांनी भांडाऱ्यासाठी फोल्डर केला, तो डबा जिथे हत्यारं शोधतो त्या जागेशी जोडला आणि उतरवायची आज्ञा दिली. ओळींमागून ओळी धावल्या. भांडारी बसला, पाठोपाठ हत्यारही आलं. मास्तरांच्या जिवात जीव आला.

आणि तिथेच घात झाला. दुरुस्त केलेलं घड्याळ एकदा थांबवून, पुन्हा चालू होतं का हे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नव्हतं. डोकं काही म्हणायच्या आत हातानं डबा बंद करून चालू केला.

डिस्क उठेना. टिक, टिक, खर्र. मास्तर जमिनीवर बसून कान डब्याला लावून राहिले. आपण पोरीचं आयुष्य मोडलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. अकरा मिनिटांनी दिवा हिरवा झाला. घाईघाईनं हत्याराचं नाव टाइप केलं, तर उत्तर आलं: अशी आज्ञा नाही. भांडारीही गायब!

"घरातच आहे तो," मोबाइलवाला फोनवर म्हणाला. "बंद केलं की जोडणी सुटते. कागदावरची सहावी ओळ परत मारा. आणि मास्तर, आता खरंच हात लावू नका."

सहाव्या ओळीनं भांडारी परतला. रिकाम्या डिस्कवर प्रत निघायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मास्तर दुकानात गेले नाहीत, धड जेवलेही नाहीत. तेरा फाइली शेवटपर्यंत निघाल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी डिस्क गप्प झाली, ती कायमची.

शनिवारी लेक दारात बूट सोडत होती, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मी हात लावला." मग बंद-चालू केल्यासकट सगळं सांगून टाकलं.

ती खाली मान घालून नाडीशी चाळा करत राहिली. "मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "दोन महिने वाजतेय ती. उघडून बघायची हिंमत झाली नाही, म्हणून जंगलात पळाले. दुसरी प्रत आहे असं मी प्रबंधाच्या सरांना लिहून दिलंय. तेव्हा नव्हती." तिनं मान वर केली. "आता आहे."

मास्तर तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिला त्या समाधानात तसंच राहू द्यावं असं त्यांना फार वाटलं.

"तेरा फाइली सोडून," ते म्हणाले. "सरांना तेही लिहून दे."