समीक्षाचा बाक

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय, पण हेमलताला धड झोप लागत नाही की धड जाग राहत नाही. उशाशी तिच्या तिसरीच्या वर्गातल्या समीक्षाचा अहवाल पडलाय. उद्या शाळा समितीची बैठक आहे. हेमलतानं सही केली की पोरीच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडणार. पाढे सुरू झाले की समीक्षा कान झाकते, किंचाळते, बाकाखाली शिरते. परवा शेजारच्या मुलीला चावली. हेमलतानं गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

स्वयंपाकघरात भांडं वाजतं. ओट्यापाशी साबळेबाई उभ्या आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेमलताला हाताला धरून शिकवणाऱ्या साबळेबाई. त्यांच्या तेराव्याला ती जेवून आलीय. तरी ती चहाचं आधण ठेवते. आल्या माणसाला चहा नको का?

आधण ठेवून वळते तर समोर फळा आहे आणि वर्ग भरलाय. पोरगी कुठं बसते, साबळेबाई विचारतात. हेमलता भिंतीकडचा शेवटचा बाक दाखवते.

"तू बसलीयस कधी तिथं?"

हेमलताला हसू येतं. चाळिशी उलटलेली बाई त्या बाकात मावणार कशी? पण ती मावते, गुडघेसुद्धा अडत नाहीत. सातचा पाढा सुरू होतो. चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, आवाज पत्र्यावर आपटून थेट तिच्या डोक्यात उतरतो. बाक आता एसटी स्टँडवर आहे. गाड्या मागे येतायत, कर्ण्यावरून तोच पाढा चाललाय. हेमलता गच्च कान झाकते. शेजारी कुणीतरी तिचा हात ओढतं, आणि त्या हाताला चावावंसं वाटतं, खरंच वाटतं.

साबळेबाईंच्या हातात अहवाल आहे. "ऐकायचं नाही म्हणून मुद्दाम कान झाकते," त्या वाचतात. "हे कुणी लिहिलंय गं?"

"मीच, बाई. पण आधी वर्ग गप्प करावा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं." साबळेबाई गाड्यांच्या पाट्या एकेक करून वाचत पुढं जातात. "मीपण एक पोरगी अशीच शाळेतून घालवली. तिचं नाव आठवंना झालंय बघ."

त्यांना कुठली गाडी हवीय, हेमलताला कळत नाही. हाक मारावी तर स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही.

जाग येते. घर शांत आहे, आणि तिचे दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले आहेत. ते सोडवायलाही जोर लावावा लागतो. कानांच्या पाळ्या ठणकतायत. दोन्ही तळहातांवर कुड्यांच्या मोत्यांचे ठसे उमटलेत, लालभडक आणि खोल.

असं कुणी मुद्दाम करतं का? हेमलता अहवालाकडे बघते. सही करायला हात पुढं होत नाही.