टूंकाकांचे चार अल्बम

आमच्या कानाच्या दवाखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. तपासायला येणारी मुलं त्यांना टूंकाका म्हणायची आणि मुलांचं ऐकून आम्हीही. काम तेच होतं ना त्यांचं. काचेच्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून एकेक सूर सोडायचा. टूं. ऐकू आला की दाबा बटण. सूर बारीक बारीक करत न्यायचा आणि कुठे बटण दाबणं थांबतं ते कागदावर मांडायचं. एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं.

मी नोंदणीच्या टेबलावर. माझ्या खुर्चीपासून त्यांचं मशीन चार पावलांवर. आम्ही डबा एकत्र खायचो, म्हणून मला त्यांच्या गाण्यांबद्दल माहीत. खरं तर गाणी म्हणणंही चूकच. त्यात शब्द नसत, ताल नसे, चालही नसे.

एक बाई होत्या, दूर कुठल्यातरी गावात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. त्या टेपचा वीतभर तुकडा कापायच्या, दोन टोकं चिकटवून त्याचं कडं करायच्या आणि ते मशीनवर गोल फिरवत ठेवायच्या. दर फेरीला तोच आवाज, पण जरा झिजलेला. खाली एक लांबलचक सूर, घरभर पसरलेला, कुठे सुरू झाला ते कळू नये असा. वर टेपची सरसर. असे त्यांचे एकोणीस अल्बम निघाले. घरीच कॅसेटवर उतरवून त्या पोस्टाने पाठवायच्या. टूंकाकांकडे एकोणीसच्या एकोणीस होते.

"बायको विचारायची," एकदा ते पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "फ्रिज बिघडलाय, की तुमचं संगीत चालू आहे?" आणि स्वतःच हसले. बायकोला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी थोरल्या बहिणीचा फोन यायचा, तेवढंच काय ते घरातलं बोलणं.

एकोणीसपैकी त्यांचे लाडके चार. मी कंटाळले तरी ते क्रमाने सांगायचे. पहिला 'ओली भिंत', कारण त्यात सरसर सगळ्यात पुढे होती आणि सूर तिच्याआडून यायचा. दुसरा 'दुपारचे तीन'. हा त्यांनी बायकोच्या आजारपणात रोज लावला होता. फ्रिजवरून चिडवणारी तीच बायको शेवटी म्हणाली होती, "असू द्या, बंद नका करू." तिसरा 'रिकाम्या बाकांची शाळा', त्यात लांबून कुणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं वाजतं म्हणून. आणि चौथा 'जिना', ज्याबद्दल ते म्हणायचे, "हा मला आवडत नाही. पण काढून टाकला तर बाकीचे तीन लागत नाहीत नीट." मी हं म्हणायचे आणि लोणचं पुढे करायचे.

एका सोमवारी ते आले तेच कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, घरचा टेपरेकॉर्डर बिघडला. 'ओली भिंत' लावली तर नुसता खालचा सूर, वरची सरसर गायब. त्यांनी वाजवणारा भाग पुसून पाहिला, वायरी बदलल्या, शेवटी मशीन पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. गुरुवारी ते परत आलं.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन उत्तम आहे. म्हणाला, ही काय सरसर येतेय की, काका. उलट जास्तच येतेय, कमी करून देऊ का?" त्यांनी डबा उघडला, पुन्हा झाकला. "मी म्हटलं, राहू दे."

जेवण तसंच ठेवून ते उठले आणि मला म्हणाले, "नोंदणीबाई, जरा माझी तपासणी करता?"

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई येऊ देत. तर म्हणाले, "तुम्ही हजार वेळा बघितलंय. हे चाक आवाजाचं, हे सुराचं. मी सांगतो तसं फिरवा. आणि माझ्याकडे बघून फिरवू नका, पेशंट तोंडावरून ओळखतात."

ते आत जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांना त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बघत होते. खालचे सूर त्यांनी पटापट पकडले, अगदी बारीक केले तरीही. मग मी वरच्या सुरांकडे सरकले. बटणावरचा अंगठा तयार होता. मान किंचित तिरपी. मी सूर सोडला. अंगठा हलला नाही. आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. काचेपलीकडे ते डोळे मिटून वाट बघत होते, बस थांब्यावर नसतो का माणूस, तसे. सूर चालू होता. माझ्यासमोरचा लाल दिवा तसं सांगत होता. बजावलेलं विसरून मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

बाहेर येऊन त्यांनी कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने खुणा जोडून रेघ काढली. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे घसरत गेली होती.

"रोज सकाळी मशीन तपासतो मी," ते म्हणाले, "पण मोठ्या आवाजावर. बारीक आवाजावर स्वतःला कोण तपासतंय?"

डॉक्टरीणबाईंनी वय, नस वगैरे समजावून सांगितलं. कानाला यंत्र लावा म्हणाल्या. त्यांनी ते लावलंही. माणसांचं बोलणं त्याने सुधारलं, पण संगीत पत्र्यावर वाजवल्यासारखं येई. टेप लावताना ते यंत्र काढून डबीत ठेवू लागले.

पुढच्या महिन्यात त्यांनी कॅसेटवाल्या बाईंना पत्र लिहिलं. इतकी वर्षं फक्त मागणीचं कार्ड जायचं. या वेळी दोन पानं झाली. शुद्धलेखन बघायला त्यांनी मला दिली, म्हणून मी वाचली. तुमच्या अल्बमांपैकी माझे आवडते चार असे असे होते, आता क्रम बदलावा लागतोय, असं साधंच लिहिलं होतं. 'ओली भिंत' शेवटी गेली होती. 'जिना' वर आला होता, कारण त्यात सगळं खालच्या सुरांतच आहे. खाली लिहिलं होतं, "यात तुमचा काही दोष नाही. कळवावंसं वाटलं."

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. मोठी, वाकडी अक्षरं. टूंकाकांनी माझ्या टेबलाशी उभं राहून ते मला वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की सरसर त्यांना स्वतःलाच अकरा वर्षं ऐकू येत नाही. मशीनवरची सुई हलते ती बघून त्या तिचं माप ठरवतात. 'ओली भिंत' त्यानंतरची. "ती मी कधी ऐकलेलीच नाही. तुम्ही ऐकली आहे. कशी वाजते? सरसर जास्त तर झाली नाही ना? सविस्तर कळवाल का?"

टूंकाकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. "आधी विचारायचं होतं हो बाईंनी," एवढंच म्हणाले.

मग तो नाद लागला. आठवून आठवून लिहायचं. पहिल्या बाजूला कुठल्या मिनिटाला सरसर जाड होते, कुठे विरते, ती कशासारखी. कधी मला विचारायचे, "कोरड्या पानांवरून झाडू फिरवल्यासारखी की पीठ चाळल्यासारखी?" मी म्हटलं, द्या, मी ऐकून सांगते. तर मान हलवली. "बाईंनी मला विचारलंय."

चार पानं झाली, ती गेली. उत्तर आलं नाही. नवा अल्बमही निघाला नाही. का, ते कळायला मार्ग नव्हता. पत्ता होता, पण फोन नव्हता. वर्षभर ते टपाल येण्याच्या वेळेला खिडकीपाशी जायचे, नंतर जाईनासे झाले.

नोकरीची दोन वर्षं राहिली असताना त्यांनी निवृत्ती घेतली. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याने लोकांचे कान तपासू नयेत, असं त्यांचं म्हणणं. निरोप समारंभ नको म्हणाले. बहिणीने तिच्या घरी नेलं. मागची खोली दिली.

मी अधूनमधून फोन करते. त्यांच्याशी फोनवर बोलणं आता कठीण, म्हणून त्यांच्या ताईच बोलतात. परवा विचारलं, काका कसे आहेत?

"बरा आहे," ताई म्हणाल्या. "आम्ही इकडे टीव्ही बघतो, तो तिकडे त्याच्या टेपला कान लावून बसलेला असतो. जेवायला हाक मारून उपयोग नाही. आत जाऊन खांद्याला हात लावावा लागतो." मग म्हणाल्या, "आधी दचकायचा. आता दचकत नाही."