दाराची आतली बाजू

लग्न होऊन आल्याआल्या काकूंनी बैठकीच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आल्यागेल्याच्या नजरेला पडेल असं काही नको बाई. आत काय ती हौस भागव."

काकूंनी शब्द तंतोतंत पाळला. घराला सात दारं. पुढच्या चाळीस वर्षांत, शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात, त्यांनी सातही दारांची आतली बाजू रंगवून काढली. दार उघडं असलं की चित्र भिंतीकडे तोंड करून उभं. पाहायचं तर खोलीत शिरून दार लावून घ्यावं लागे. दीर चित्रं बघून म्हणत, ना धड बाई, ना धड डोंगर. काकू म्हणत, अजून थोडा वेळ आत बसा.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तशा रोज दुपारी दार लोटायला सांगू लागल्या. म्हणे वारा झोंबतो. बाहेर पान हलत नसे. काकूही 'हो ना, फारच वारा' म्हणत दार लावत. दोघीही वस्ताद.

सासूबाई गेल्या. काकूंनी साठी ओलांडली, आणि कुणाकडून तरी ऐकून एका मोठ्या गॅलरीचा मालक घरी आला. सातही दारं बघून चाट पडला. लगेच प्रदर्शन ठरवू म्हणाला, काकूंचं आयुष्यातलं पहिलंच. फक्त बिजागऱ्या, कड्या काढून फळ्या सपाट भिंतीवर टांगायच्या.

"कडी काढलीत तर बाईचा गळा जाईल," काकू म्हणाल्या. आणि खरंच, सासूबाईंच्या खोलीतल्या दारावर कडी चित्रातल्या बाईच्या गळ्याचं हाड झाली होती. दारं चौकटीतच राहतील, माणसांनी आत जाऊन लावून घ्यावीत, ही त्यांची अट.

मालक हसला. लोक चित्रं चालताचालता बघतात म्हणाला.

"मग त्यांना रस्ता दाखवा."

मालक निघून गेला. दिरांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, चालून आलेलं घालवलंत. आता कोण कुत्रं विचारणार आहे?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाहेरच्या दाराला पुठ्ठा लावला: चित्रप्रदर्शन. चार ते सहा. एका खोलीत एकच माणूस. दार लावून घ्यावे.

आधी शेजारीण आली, मग तिची नणंद, मग शाळेतल्या बाया. तिसऱ्या आठवड्यात जिन्यापर्यंत रांग. रांगेत गॅलरीचा मालकही. काकूंनी ओळख दाखवली नाही. त्याचा नंबर आल्यावर सासूबाईंच्या खोलीकडे बोट केलं.

अर्धा तास झाला. मागचे कुरकुरायला लागले. दीर दार ठोठावायला उठले.

काकूंनी त्यांना हाताने थांबवलं. "राहू द्या, भाऊजी. कडी त्यांनीच लावलीय."