मोहनमाळेची चौकशी

मीनल आपटे मूळची पुण्याची, त्यामुळे भांडायला ती कुणाच्या परवानगीची वाट पाहत नसे. कोलोनला आल्यावर कचऱ्याच्या डब्यांवरून तिने दोन जर्मन शेजाऱ्यांची बोलती बंद केली होती. पण दारात आलेल्या माणसाला उभं ठेवणं तिला कधी जमलं नाही, आणि नेमकं तेच नडलं.

२०१६ सालच्या शरद ऋतूत एका सकाळी पोलिसांच्या फसवणूक विभागाचे अधिकारी लिंडनर आले. विमा कंपनीची तक्रार होती: चोरीला गेलेली मोहनमाळ नंतरच्या गणपतीच्या फोटोत बाईंच्या गळ्यात कशी? त्यांनी रीतसर सांगितलं, "कोर्टाचा हुकूम माझ्याकडे नाही. तुम्ही मला आत यायला नाही म्हणू शकता."

नाही म्हणायचं? मीनलने त्यांना बसवलं, चहा दिला आणि कपाटही स्वतःच उघडून दिलं. लिंडनरनी चहा प्यायला आणि पावती देऊन माळ नेली.

चोरी झाली तेव्हा ती माहेरी होती. सासूबाईंची खरी माळ गेली, समारंभात घालायची, एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेली नक्कल तेवढी उरली, असं नवऱ्याने, पद्माकरने फोनवर सांगितलं होतं. मणी लाखेवरचे, दोन्हींचं वजन जवळपास सारखंच, त्यामुळे हातात घेऊन फरक कळत नसे. तिने विश्वासाने दाव्यावर सही केली होती. आता त्या सहीमुळे तिच्यावरच फसवणुकीचा संशय आला होता.

मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला पद्माकर संध्याकाळी आला आणि ऐकून भडकलाच.

"वॉरंट नव्हतं ना? मग कशाला आत घेतलंस? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

"दार लावून घ्यायला आपण चोर आहोत का?"

"आल्झो, थोडक्यात काय, तुला काही कळत नाही. आता तोंड बंद ठेव."

तोंड बंद ठेव! मीनलच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. पद्माकर कुरकुरत मागोमाग आला.

"ती नक्कल आहे, सोनाराला दाखवा," तिने लिंडनरना सुनावलं. "माझ्याविरुद्धचं शोधताय, माझ्या बाजूचं कोण शोधणार?"

"तेही आम्हीच. कायद्याने दोन्ही बाजू तपासाव्या लागतात."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मग तपासा."

पद्माकरने तिची बाही ओढली. तिने हात झटकला.

पुढच्या आठवड्यात दोघांना बोलावणं आलं. लिंडनरनी माळ टेबलावर ठेवली. सोनाराने कसून पाहिली होती. बावीस कॅरट.

मीनलला आधी खोटंच वाटलं. मग तिने पद्माकरकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. चोरांनी नक्कल नेली होती, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माळ गेली म्हणून त्याची आई फोनवर ढसाढसा रडली होती, तेव्हा या माणसाने तिची समजूत घातली होती! मीनलला त्याची किळस आली.

लिंडनरनी पद्माकरला बाहेर बसायला सांगितलं. मग ते तिच्याकडे वळले. "फ्राऊ आपटे, संशय तुमच्यावरही आहे. स्वतःविरुद्ध किंवा नवऱ्याविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. हे आधी सांगणं माझं कर्तव्य आहे."

पद्माकर दारातच थबकला. "मीनल, गप्प राहा," तो मराठीत म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

"दार लावून घ्या," मीनल लिंडनरना म्हणाली. "आणि लिहा. चोरी झाली तेव्हा मी पुण्यात होते."